निर्णय कोण घेतो? : आठ सेकंदांतील मेंदूचे कार्य

मनुष्य निर्णय कसा घेतो, हा प्रश्न फार प्राचीन आहे. भगवान बुद्धांनी कर्माचा विचार करताना बाह्य विधींना नव्हे, तर चेतनेला महत्त्व दिले, हे आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. कृती घडण्यापूर्वी मनात जो हेतू आकार घेतो, तो कर्माचा गाभा होय. परंतु हा हेतू आकार कसा घेतो? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मेंदूचे अभ्यासक या प्रश्नाचा प्रयोगांच्या साहाय्याने शोध घेत आहेत. त्यांच्या हाती आलेली माहिती प्रस्तुत लेखात आम्ही एका साध्या, रोजच्या निर्णयाच्या आधारे मांडणार आहोत. तो निर्णय म्हणजे, समोरचे रेल्वेचे रूळ ओलांडावेत की पुलापर्यंत चालत जावे?

हे उदाहरण आम्ही निवडले, त्याला कारण आहे. नवी मुंबई हे शहर रेल्वेच्या आधाराने उभे राहिले. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला पोहोचली ती १९९२ साली. पुढे १९९८ पर्यंत ही हार्बर लाईन पनवेलपर्यंत गेली आणि २००४ साली ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला. या दुसऱ्या मार्गाच्या एका अंगास ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दिघा, रबाळे, तुर्भे येथील कष्टकऱ्यांच्या वस्त्या आहेत. दुसऱ्या अंगास सिडकोने आखलेल्या वसाहती आहेत. काम एका बाजूला आणि घर, बाजार किंवा शाळा दुसऱ्या बाजूला, अशी ज्यांची स्थिती असते, त्यांना रूळ हा रोजचाच प्रश्न असतो.

या प्रश्नाचे मोल किती, हेही सांगितले पाहिजे. २०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसे मृत्युमुखी पडली, ही आकडेवारी २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर आली. दिवसाला सरासरी सात. गर्दीच्या गाडीतून पडून मरणारे त्यांत असतातच. परंतु सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडताना गाडीखाली सापडणाऱ्यांचा असतो. त्यांच्याविषयी समाज एकच शब्द उच्चारतो : बेपर्वा. कायदाही त्यांना घुसखोर मानतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ अन्वये रूळ ओलांडणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीतून पडलेल्या प्रवाशाच्या कुटुंबास नुकसानभरपाई मागता येते. रूळ ओलांडताना मेलेल्याच्या कुटुंबास ती सामान्यतः मिळत नाही. म्हणजे ‘त्याने स्वतःच तसा निर्णय घेतला’ या एका वाक्यावर सर्व प्रकरण मिटते. म्हणूनच तो निर्णय कसा घेतला जातो, हे पाहणे अगत्याचे आहे.

मेंदूत राजा नाही

मानवी मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते. त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी आहेत. शरीराच्या वजनाच्या केवळ दोन टक्के असलेला हा अवयव शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के ऊर्जा वापरतो. आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की, या मेंदूत कोठेतरी एक ‘मी’ बसलेला आहे. डोळे व कान त्याला वार्ता देतात, तो विचार करतो आणि हातापायांना आज्ञा देतो. सिंहासनावर बसलेल्या राजाचे हे चित्र आहे.

अभ्यासकांना मेंदूत असा राजा आढळला नाही. त्यांना आढळली ती एक प्रक्रिया. अमेरिकेत मायकेल शॅडलेन व विल्यम न्यूसम यांनी १९९० च्या दशकात माकडांवर प्रयोग केले. पडद्यावर असंख्य ठिपके हलत असत. त्यांतील बहुसंख्य ठिपके डावीकडे चालले आहेत की उजवीकडे, हे माकडाने ओळखायचे होते. ठिपके पाहत असताना मेंदूतील काही पेशींची क्रियाशीलता हळूहळू वाढत जाई. पुरावा स्पष्ट असेल तर ती भराभर वाढे, संदिग्ध असेल तर सावकाश. एका ठराविक पातळीला ती पोहोचली की निर्णय होई. तराजूच्या पारड्यात एकेक दाणा पडत जावा आणि काही वेळाने पारडे झुकावे, तसाच हा प्रकार आहे. पारडे झुकविणारा कोणी वेगळा नसतो. दाण्यांच्या भारानेच ते झुकते.

रुळांपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या मेंदूतही अशीच पारडी असतात. एका पारड्यात वाचणारी मिनिटे, पलीकडे दिसणारा फलाट आणि कालपर्यंत सुखरूप ओलांडल्याची आठवण. दुसऱ्या पारड्यात येणाऱ्या गाडीचा धोका. दाणे कोणत्या पारड्यात किती पडतात, यावर पुढचे सारे अवलंबून असते. आणि नेमके येथेच मेंदूची काही अंगभूत वैशिष्ट्ये त्या माणसाच्या विरोधात जातात.

डोळा कसा फसतो

प्रथम हिशेब पाहू. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी लोकल एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. सर्वसाधारण चालीने सुमारे दहा मीटर रुंदीचा रूळमार्ग ओलांडण्यास माणसाला आठ सेकंद लागतात. या आठ सेकंदांत गाडी पावणेदोनशे मीटरांहून अधिक पुढे येते. म्हणजे दोनशे मीटरवरील गाडी ‘लांब आहे’ असे वाटून जो पाऊल टाकतो, त्याच्यापाशी वस्तुतः एका सेकंदाचीच सवड उरलेली असते.

गाडी लांब का वाटते? आडवी जाणारी वस्तू झाडांच्या, खांबांच्या मागेपुढे सरकताना दिसते, त्यामुळे तिचा वेग कळतो. सरळ अंगावर येणारी वस्तू मात्र सरकताना दिसत नाही. तिची प्रतिमा फक्त मोठी होत जाते. गाडी ४०० मीटरवरून २०० मीटरवर आली की तिची प्रतिमा दुप्पट होते आणि त्यास नऊ सेकंद लागतात. २०० वरून १०० मीटरवर येताना ती पुन्हा दुप्पट होते, पण आता साडेचार सेकंदांतच. १०० वरून ५० वर येण्यास सव्वादोन सेकंद पुरतात. म्हणजे बराच वेळ काहीच घडत नाही असे वाटते आणि मग सर्व काही एकदम घडते. निर्णय मात्र पहिल्या, संथ भासणाऱ्या काळातच घेतला जातो.

यात आणखी एका दोषाची भर पडते. मोठ्या आकाराची वस्तू तिच्या खऱ्या वेगापेक्षा सावकाश चालल्याचे मेंदूला भासते. आकाशात उतरणारे अवजड विमान तरंगत असल्यासारखे दिसते, ते यामुळेच. हर्शेल लीबोवित्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८५ साली हे तत्त्व रेल्वे फाटकांवरील अपघातांना लावून दाखविले आणि पुढे न्यूझीलंडमधील प्रयोगांनी त्यास दुजोरा दिला. यात शिक्षित-अशिक्षित असा भेद नाही. अभियंत्याचा डोळाही तसाच फसतो.

सवयीचे बक्षीस

दुसरे वैशिष्ट्य सवयीचे. मेंदूच्या अंतर्भागात बेसल गँग्लिया नावाचा पेशीसमूह आहे. कोणत्या कृतीला वाट मोकळी करून द्यायची आणि कोणती अडवायची, या कामात त्याचा मोठा वाटा असतो. डोपामिन हे रसायन त्याला शिकविण्याचे काम करते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांतून १९९० च्या दशकात असे दिसले की, अपेक्षेपेक्षा अधिक लाभ झाला की डोपामिनचा स्राव वाढतो, अपेक्षाभंग झाला की तो घटतो. लाभ देणारी कृती अशा रीतीने मेंदूत रुजते आणि काही काळाने ती विचाराविना होऊ लागते.

आता रूळ ओलांडण्याचा विचार करा. लाभ तत्काळ आणि दररोज मिळतो : दहा मिनिटे वाचतात, जिने चढावे लागत नाहीत, हजेरी चुकत नाही. हानी क्वचित होते. आणि ज्याला ती होते त्याला त्यापासून शिकण्याची संधी बहुधा मिळतच नाही. शंभर वेळा सुखरूप ओलांडलेल्या माणसाच्या मेंदूला शंभर वेळा एकच धडा मिळालेला असतो की, ही वाट चांगली आहे. तो माणूस मूर्ख नाही. त्याचा मेंदू जसा शिकावयास हवा तसाच शिकला आहे. केवळ त्याच्यासमोर मांडलेला धडा चुकीचा आहे.

एकदा पाऊल उचलले गेल्यावर ते थांबविणेही सोपे नसते. थांबविण्याची प्रक्रिया कृतीच्या प्रक्रियेशी जणू शर्यत लावते, असे गॉर्डन लोगन यांनी १९८४ साली मांडले. प्रयोगशाळेत साध्या हालचालीला लगाम घालण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. तेवढ्यात लोकल साडेपाच मीटर पुढे आलेली असते. कानात गाणी आणि हातात मोबाईल असेल, तर धोका ध्यानात येण्यासच उशीर होतो आणि शर्यत सुरू होण्यापूर्वीच हरलेली असते.

भावना ही बुद्धीची वैरीण नव्हे

यावर कोणी म्हणेल, माणसाने भावना व सवय बाजूला सारून शुद्ध बुद्धीने निर्णय घ्यावा. हा उपदेश मेंदूच्या रचनेशी जुळत नाही. १८४८ साली अमेरिकेत व्हरमाँट येथे रेल्वेमार्गासाठी खडक फोडत असताना फिनिअस गेज या मुकादमाच्या कवटीतून एक मीटरहून लांब लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, बोलू-चालू लागला. पण मेंदूच्या पुढच्या ललाटखंडास इजा झाल्यामुळे त्याचे वर्तन पालटले, अशी नोंद त्याच्या डॉक्टरांनी केली. योजना आखून तिला चिकटून राहणे त्यास जमेना. पुढे त्याच्यात सुधारणा होऊन त्याने चिलीमध्ये घोडागाडी हाकण्याचे काम वर्षानुवर्षे केले, हेही विसरता कामा नये.

सुमारे दीड शतकानंतर, १९९४ साली, अंतोनिओ दामासिओ या मज्जाशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात एका रुग्णाची हकिकत दिली. गाठ काढताना त्याच्या ललाटखंडाचा काही भाग निकामी झाला होता. त्याची बुद्धी शाबूत होती, स्मरण उत्तम होते, हिशेब चोख होते. पण भावना विझल्या होत्या. हा माणूस क्षुल्लक गोष्टींतही निर्णय घेऊ शकत नव्हता. पर्यायांचे गुणदोष तो तासन्‌तास सांगे, पण कोणताच पर्याय त्याला आपलासा वा नकोसा वाटत नसे. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली : सुखद किंवा दुःखद अशी जी छटा प्रत्येक अनुभवाला असते, तिच्यावाचून पारडे झुकतच नाही.

बौद्ध परंपरेत या छटेला वेदना म्हणतात. वेदना सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली असते आणि ती तृष्णेचा प्रत्यय होते, असे प्रतीत्यसमुत्पादात सांगितले आहे. बुद्धांना आजचे मेंदूविज्ञान ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. तसा दावा करणे दोन्ही ज्ञानांवर अन्याय करणारे ठरेल. परंतु निर्णयामागे शाश्वत आत्मा नसून कारणांची साखळी आहे, आणि त्या साखळीत वेदनेची कडी मोक्याची आहे, एवढ्यापुरते दोघांचे निरीक्षण एकाच दिशेला जाते, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

वडाळ्याचा प्रयोग

निर्णय कारणांतून उपजत असेल, तर कारणे पालटल्यावर निर्णयही पालटला पाहिजे. याची परीक्षा नवी मुंबईकरांच्या नित्य परिचयाच्या एका स्थानकाजवळ झाली. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे जाणारी प्रत्येक हार्बर लोकल वडाळा रोड स्थानकावरून जाते. तेथे २००९ च्या अखेरीस ‘फायनल माईल’ या मुंबईतील सल्लागार संस्थेने मध्य रेल्वेच्या सहकार्याने तीन लहान उपाय योजले.

पहिला उपाय डोळ्यासाठी. रुळांखालील काही स्लीपर ठराविक अंतराने पिवळे रंगविले. गाडी येताना हे पिवळे पट्टे एकापाठोपाठ एक तिच्याखाली नाहीसे होतात, त्यामुळे ती किती वेगाने येत आहे हे डोळ्याला मोजता येते. दुसरा उपाय कानासाठी. एकसारखा लांब भोंगा शहराच्या गोंगाटात विरून जातो. त्याऐवजी मोटरमनने दोन तुटक भोंगे द्यावेत, असे ठरले. दोन आवाजांमधील शांततेमुळे मेंदू दचकून जागा होतो. तिसरा उपाय भावनेसाठी. तेथे पूर्वीही सूचनाफलक होते. आता ओलांडण्याच्या जागी तीन छायाचित्रांचा फलक लावला गेला. गाडी अंगावर येत असलेल्या माणसाचा भयाने विस्फारलेला चेहरा त्यात होता. भेदरलेला चेहरा दिसताच मेंदूतील अमिग्डाला हा भाग चटकन प्रतिसाद देतो. दंडाची रक्कम वाचून तसे घडत नाही.

पुढील काही महिन्यांत तेथील मृत्यूंची संख्या आधीच्या निम्म्याहूनही खाली आल्याचे नोंदले गेले आणि नंतर इतर काही ठिकाणीही हे उपाय योजले गेले. एका स्थानकावरील थोड्या महिन्यांच्या अनुभवातून अंतिम सिद्धांत काढता येत नाही, आणि तिन्हींपैकी कोणत्या उपायाचे श्रेय किती, हेही त्यातून ठरत नाही. तथापि एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. माणसे तीच होती, त्यांची निकडही तीच होती. त्यांना कोणी अधिक उपदेश केला नव्हता, अधिक दंडही केला नव्हता. पालटली होती ती केवळ परिस्थिती.

नवी मुंबईची स्थानकेही हेच सांगतात. सिडकोने आखलेल्या बहुतेक स्थानकांत एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाण्यास भुयारी मार्ग आहेत. जेथे सरळ, सोयीची, सुरक्षित वाट आहे तेथे कोणी हौसेने रुळांवर उतरत नाही. वाट वळणाची झाली किंवा लांब राहिली की तेच नागरिक भिंतीतील भगदाड शोधू लागतात. दिघा येथील रहिवाशांसाठी स्थानक सुरू झाले ते २०२४ साली, म्हणजे या मार्गावर गाडी धावू लागल्यानंतर सुमारे वीस वर्षांनी. वस्तीपासून पूल किती अंतरावर आहे, हा केवळ बांधकामाचा प्रश्न नाही. हजारो मेंदूंतील पारड्यांत कोणता दाणा पडणार, याचा तो निर्णय आहे. आणि तो निर्णय रूळ ओलांडणारा घेत नाही. तो कार्यालयात बसून, नकाशा समोर ठेवून, पुरेशा सवडीने घेतला जातो.

मग जबाबदारी कोणाची?

येथे एक आक्षेप संभवतो. निर्णय जर कारणांच्या साखळीतून होत असेल, तर माणसावर जबाबदारी उरते काय? १९८३ साली बेंजामिन लिबेट यांनी दाखविले की, बोट हलविण्याची इच्छा जाणवण्यापूर्वी सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत त्या हालचालीची तयारी दिसू लागते. यावरून अनेकांनी ‘इच्छास्वातंत्र्य हा भास आहे’ असा निष्कर्ष काढला. परंतु २०१२ साली आरॉन शुर्गर व सहकाऱ्यांनी त्याच आलेखाचा वेगळा अर्थ लावला. ती तयारी म्हणजे आधीच झालेला निर्णय नसून मेंदूतील नित्याचे चढउतार असू शकतात, असे त्यांनी दाखविले.

आपल्या परंपरेत हा वाद नवा नाही. मक्खली गोसालाने नियतीचा पुरस्कार केला व मानवी प्रयत्नाला काहीच फळ नाही असे सांगितले. बुद्धांनी त्या मताचा ठाम विरोध केला. कारणांतून घडणे आणि पूर्वनियत असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कारणे असतात म्हणूनच ती पालटता येतात. आणि प्रशिक्षण, सराव, संकल्प हीदेखील कारणेच आहेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखविले आहे की, ‘अमुक प्रसंग आला तर मी तमुक करीन’ असे आधीच नेमके ठरवून ठेवणाऱ्या माणसांकडून ते काम पार पडण्याची शक्यता वाढते. ऐन प्रसंगी पारडी नव्याने भरावी लागत नाहीत.

शील घेण्याचा अर्थही आम्हांस असाच दिसतो. शील म्हणजे मोहाचा क्षण येण्यापूर्वी शांत चित्ताने घेतलेला निर्णय. परमपूज्य बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास होता. आणि दीक्षेसोबत त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, कारण दीर्घ विचाराने घेतलेला निर्णय रोजच्या घाईच्या क्षणी टिकवायचा असतो, हे ते जाणून होते. काही निर्णयांना एकवीस वर्षे मिळतात, काहींना आठ सेकंद. आठ सेकंदांचा निर्णय सुखरूप व्हावा असे वाटत असेल, तर तो रुळांवर जाण्यापूर्वी, घरीच घेतला पाहिजे.

म्हणून आमचे दोन गोष्टींविषयी आग्रहाचे सांगणे आहे. पहिली गोष्ट घरातील व विहारातील. मुलांना ‘रूळ ओलांडू नका’ एवढेच न सांगता, गाडी लांब का भासते याचा वर दिलेला हिशेब समजावून सांगावा. ललाटखंडाची वाढ वयाच्या पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असते, म्हणून तरुणांना तो पुनःपुन्हा सांगावा. दुसरी गोष्ट सार्वजनिक आहे. ज्या वस्तीतील माणसे रोज रुळांवर उतरतात, तेथे पूल, भुयारी मार्ग किंवा पिवळे पट्टे का नाहीत, हा प्रश्न रेल्वेला, सिडकोला व महानगरपालिकेला लेखी विचारावा आणि उत्तर येईपर्यंत विचारीत राहावे. मृताला बेपर्वा म्हणणे सोपे आहे. त्याच्या पायाखालची वाट कोणी आखली, हे विचारण्यास थोडे अधिक धैर्य लागते. पण पुढचा जीव त्यानेच वाचण्याचा संभव आहे.